बाळाचा डॉक्टर, बाळ यायच्या आधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यात, नवजात बाळांच्या कक्षात, मी बरीच वर्षं परिचारिका होते. नोकरी संपली तरी फोन येतात. पोरीची आई विचारते, सासू विचारते, आणि अलीकडे होणारे बाप स्वतः विचारतात, याचा मला मनापासून आनंद होतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठलंही औषध सांगणार नाही. डॉक्टर निवडायचा कसा आणि त्याच्यापर्यंत वेळेत पोचायचं कसं, एवढंच सांगते.

बाळ अजून पोटात आहे. त्याचा डॉक्टर आत्ताच कशाला शोधायचा?

नंतर शोधायला सवड मिळत नाही म्हणून. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जी बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच जातात. आणि आपल्या घरात तेच सात दिवस सगळ्यात गडबडीचे असतात. बाळंतिणीचे टाके ओले, पेढे वाटायचे, पाहुण्यांची ये-जा, पाचवीची तयारी.

एक लेकरू मला विसरता येत नाही. चौथ्या दिवशी ते पिवळं दिसायला लागलं आणि आजीच्या ते बरोबर लक्षात आलं. मामा म्हणाले लातूरला नेऊ. सासऱ्यांचा फोन आला की परभणीला ओळखीचे डॉक्टर आहेत, तिकडेच आणा. शेजारच्या कुणी सांगितलं, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. पाचवी पुजून झाली. सहाव्या दिवशी दुपारी आमच्याकडे आणलं तेव्हा तळपाय पिवळे झाले होते आणि लेकरू अंगावर पीत नव्हतं. त्याचं रक्त बदलावं लागलं. जीव वाचला, पण आज त्याला कानाला मशीन लावावं लागतं. त्या घरात मायेची कमी नव्हती, पैशाचीही नव्हती. न्यायचं कुठं, तेवढंच ठरलेलं नव्हतं.

मग डॉक्टरांना कितव्या महिन्यात भेटायचं?

सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण झालं की लगेच हे काम हातात घ्या. साधारण ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान भेट झाली म्हणजे पुरे. जुळं असेल, बीपी किंवा साखर वाढलेली असेल, आधीचं बाळ दिवस भरायच्या आत झालेलं असेल, तर २८ आठवड्यांनंतर थांबू नका, कारण अशी बाळंतपणं तारीख पाळत नाहीत.

बाळंतिणीला प्रवास झेपत नसेल तर नवरा किंवा आई फाईल घेऊन एकटी गेली तरी चालतं. ओपीडीची गर्दी ओसरल्यावर जा आणि आधी फोन करून ‘बाळ अजून व्हायचंय, दहा मिनिटं बोलायचंय’ असं सांगा. आपल्याकडे ही पद्धत नवी आहे. स्वागतकक्षातली मुलगी ‘पेशंट कुठंय?’ म्हणून गोंधळेल, तेव्हा शांतपणे पुन्हा सांगा.

बाळंतपण माहेरी, नंतर सासरी. डॉक्टर कुठला धरायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. याचं उत्तर बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही, कारण पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आपली आहे.

डॉक्टर दोन धरा. माहेरचा डॉक्टर पहिल्या दीड-दोन महिन्यांसाठी आणि सासरचा, किंवा नवरा जिथं नोकरीला आहे तिथला, पुढच्या वर्षांसाठी. माहेर उदगीरला, सासर जिंतूरला आणि नवरा चाकणच्या कंपनीत, असं असेल तर खरा कायमचा डॉक्टर चाकणचा. मात्र गरोदरपणी भेटायचं माहेरच्या डॉक्टरला, कारण पहिला आठवडा त्याच्या हातात जाणार आहे.

यातली खरी अडचण आहे हस्तांतराची. सव्वा महिना झाला की बाळंतीण सासरी जायला निघते, आणि लसींचा मोठा डोस असतो दीड महिन्याला, म्हणजे ६ आठवडे पूर्ण झाल्यावर. माहेरचे म्हणतात आता तिकडेच द्या, सासरचे म्हणतात तिकडूनच देऊन आणायचा होता. डोस पडतो लांबणीवर. एक तर तो डोस घेऊनच निघा, नाहीतर निघायच्या आधी सासरच्या आशाताईला फोन करून तिकडच्या लसीकरणाचा वार विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट कागदांची. डिस्चार्ज कार्ड, बाळाचं जन्मवजन, रक्तगट, काविळीच्या तपासण्या आणि माता-बाल संरक्षण कार्डाची सगळी पानं, या सगळ्याचे फोटो काढून नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा. माहेरच्या कपाटात राहिलेल्या कार्डामुळे लेकराला पुन्हा सुया टोचल्याचं मी पाहिलं आहे. लसींची नोंद यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदवहीत, झाली आहे का, तेही नर्सबाईंना विचारा. तशी नोंद असली की गाव बदलल्यावर सोपं जातं.

आमच्या मॅडमच्या दवाखान्यात बाळाचे डॉक्टर ठरलेलेच आहेत. तेच चालणार नाहीत का?

चालतील. बहुतेक वेळा ते चांगलेच असतात आणि मॅडमचा आणि त्यांचा हात एकमेकांना बसलेला असतो, हा मोठा फायदा. तरीही दोन गोष्टी विचारा.

पहिली अशी : प्रसूतीच्या वेळी ते खोलीत हजर असतात की फोन केल्यावर येतात? तालुक्याच्या गावांत एकच बालरोगतज्ज्ञ तीन-चार प्रसूतिगृहं सांभाळतो, त्यात त्याचा दोष नाही. पण जन्मल्यावर बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर पहिल्या एका मिनिटात त्याला फुग्यानं श्वास द्यावा लागतो. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या अंतरावर असतील, तर त्या एका मिनिटात ते काम कोण करणार? ‘आमच्या सिस्टर शिकलेल्या आहेत, अँबू बॅग टेबलाशेजारीच असते’ हे चांगलं उत्तर. ‘तशी वेळच येत नाही’ हे वाईट उत्तर.

दुसरी : सिझेरियन असेल, दिवस कमी असतील, जुळं असेल, किंवा बाळानं पोटात शी केली असेल, तर डॉक्टरांना आधीच बोलावून ठेवतात का? याचं उत्तर ‘हो’ असायला हवं.

जन्माच्या वेळचा डॉक्टरच पुढेही धरायचा अशी काही सक्ती नाही.

पाटीवरच्या डिग्र्यांचा अर्थ काय?

एमबीबीएसनंतर बालरोगात एमडी किंवा डीएनबी म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण, डीसीएच म्हणजे दोन वर्षांची पदविका. तिन्ही पूर्ण बालरोगतज्ज्ञ. डीएम निओनॅटॉलॉजी म्हणजे त्यापुढे खास नवजात बाळांचं शिक्षण. अगदी कमी वजनाच्या, कमी दिवसांच्या बाळाला त्यांची गरज पडते. नऊ महिने भरलेल्या धडधाकट बाळासाठी शहरभर डीएम शोधत फिरू नका.

पाटीवर ‘बालरोग’ लिहिलं आहे आणि खाली यातलं एकही अक्षर नाही, असंही दिसतं. तसं दिसलं तर नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासता येते. विचारण्यात अपमान काही नाही.

आणि गावातले बीएएमएस डॉक्टर? त्यांच्याबद्दल मला आदर आहे, रात्री दोन वाजता दार उघडणारे बहुतेकदा तेच असतात. पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप, धाप किंवा कावीळ त्यांच्याकडे अंगावर काढू नका. चांगला गावचा डॉक्टर स्वतःच चिठ्ठी देऊन पुढे पाठवतो.

आमच्या तालुक्याला बालरोगतज्ज्ञच नाही. मग?

मग डॉक्टरऐवजी वाट ठरवायची, तीन पायऱ्यांची.

पहिली पायरी आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती वजन करते, ताप बघते, श्वास मोजते. पाहुणचार करून चहावर परत पाठवू नका, बाळ उघडून दाखवा. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर जीव वाचतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध केलं. १९९९ मध्ये ते जगापुढे आलं आणि पुढे देशभरातल्या आशांच्या भेटी त्याच वाटेनं सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कामाची माणसं तुमच्या दारात येतात, त्यांची कदर करा.

दुसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. तिथले वैद्यकीय अधिकारी बाळ तपासून पुढे पाठवायचं की नाही ते ठरवतात.

तिसरी पायरी एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास कक्ष, ज्याला आपण ‘पेटीचा वॉर्ड’ म्हणतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तो असतो. वैद्यकीय महाविद्यालयांचं म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेड ही आपल्या भागातली जुनी ठिकाणं. तुमच्या गावापासून यातलं कुठलं जवळ, रस्ता कुठला बरा, पावसाळ्यात कुठला ओढा आडवा येतो, हे आठव्या महिन्यात बघून ठेवा. १०८ ला फोन केला की अत्यवस्थ रुग्णासाठी गाडी येते, १०२ ची गाडी गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला मोफत नेते-आणते.

बाळाला नेताना आईच्या छातीला त्वचेला त्वचा लावून, वरून पांघरूण घालून न्या. डोक्यावर टोपी. गाडीत गारठलेलं बाळ दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धं हरलेलं असतं.

पहिल्या भेटीत काय सांगायचं आणि काय विचारायचं?

आधी सांगा, मग विचारा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आहे का, थायरॉईड, साखर, बीपी, चालू गोळ्या, आधीच्या लेकराला कावीळ झाली होती का, कुणी लहानपणी दगावलं का, घरात कुणाला टीबी आहे का. सोनोग्राफीत काही वेगळं दिसलं असेल तर तो रिपोर्ट पुढे करा. आणि लग्न नात्यातलं असेल, मामाची मुलगी किंवा आत्याची मुलगी केली असेल, तर ते न लाजता सांगा. आपल्या भागात हे सर्रास आहे, डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही. पण काही आनुवंशिक आजार अशा घरांत जास्त दिसतात आणि माहीत असलं तर डॉक्टर सुरुवातीपासून त्या नजरेनं बघतात. निगेटिव्ह रक्तगटाचंही तसंच. बाळाची कावीळ पहिल्या २४ तासांत सुरू होऊ शकते, आणि एवढ्या लवकर आलेली कावीळ धोक्याचीच समजायची.

विचारायचं ते थोडंच. रात्री बाळाला त्रास झाला तर फोन कोण उचलतं? तुम्ही गावाला गेलात तर तुमच्या जागी कोण बघतं? तुमच्याकडे उपचार होण्यासारखे नसतील तर कुठं पाठवता? यातल्या तिसऱ्या प्रश्नाला जो डॉक्टर सरळ एखाद्या ठिकाणाचं नाव सांगतो, तो मला विश्वासाचा वाटतो. ‘आमच्याकडे सगळंच होतं’ म्हणणाऱ्याबद्दल मी दोनदा विचार करेन.

डॉक्टर चांगला आहे हे आपल्यासारख्यानं ओळखायचं कसं?

लोक म्हणतात, अमक्याचा हातगुण चांगला. मी हात बघायचे, पण धुतलेले आहेत का ते. लेकराला हात लावायच्या आधी हात धुणं, कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत बघणं, प्रत्येक वेळी वजन करून लिहून ठेवणं, आईला ‘दूध कसं पितंय?’ विचारून थांबून ऐकणं. एवढं जो करतो त्याचा हातगुण चांगलाच असतो.

उलट खुणाही आहेत. साध्या सर्दीला पाच-सहा बाटल्या, प्रत्येक तापाला प्रतिजैविक. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट कळवलं आहे, तरी तान्ह्या बाळाला खोकल्याचं सिरप लिहून दिलं तर ‘हे खरंच लागेल का?’ असं विचाराच.

डब्याच्या दुधाबद्दल जरा जास्त सांगते, कारण इथे माझा जीव तुटतो. बाळाच्या दुधाच्या डब्यांची, बाटल्यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. डॉक्टरांच्या खोलीत अशा कंपनीचं कॅलेंडर, पोस्टर दिसलं, किंवा पहिल्या दिवशीच ‘आईला दूध नाही, डबा आणा’ असं ऐकू आलं, तर सावध व्हा. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक चमचाभरच येतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. तो चीक पहिल्या तासात पोटात जायला हवा. बाळाला अंगावर कसं धरायचं हे शिकवणारी बाई त्या दवाखान्यात आहे का, हे आधी विचारून ठेवा. मी तर म्हणेन, डिग्रीच्याही आधी विचारा. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरचं असतं. त्या पाण्यात धुतलेली बाटली म्हणजे जुलाबाला आवतण. कधीकधी वरच्या दुधाची गरज पडतेही, ते मी नाकारत नाही. पण ती गरज वजन बघून ठरावी.

आई म्हणते गुटी द्यायची, मध चाटवायचा. डॉक्टर रागावतील का?

रागावणारा डॉक्टर निवडू नका. ओरडलं की घरचे लपवून करतात आणि मग आजार कळायला उशीर होतो.

मध वर्षाच्या आत थेंबभरही नको, त्यातल्या जंतूच्या विषानं बाळ लुळं पडू शकतं. गुटी नको, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, डॉक्टरांनी लिहिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब वगळून. डोळ्यात काजळ नको. बेंबीला हळद, राख, तेल काही नको, कोरडी ठेवली की आपोआप पडते. पोट फुगलं म्हणून बिब्ब्याचा चटका द्यायचा विचार कुणी काढला, तर तिथल्या तिथे थांबवा आणि बाळाला दवाखान्यात न्या. मात्र हलक्या हातानं तेल लावणं, आईजवळ झोपवणं, अंगाई म्हणणं, यातलं काही सोडायचं नाही. आजीला सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी आजीला नीट समजावलं तर घरातली निम्मी भांडणं मिटतात.

बाळंतपण एप्रिल-मे मध्ये आहे. पाणी पाजायचं का?

नाही. परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, तरीही नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. पाणी आईनं भरपूर प्यावं आणि बाळाला जास्त वेळा पाजावं. दिवसातून सहा-आठ वेळा लघवी होत असेल तर पाणी पुरतंय.

उन्हाळ्यात लोकरीची टोपी, दुपटी, गोधडी असं गुंडाळून ठेवलेलं बाळ तापतं आणि घरचे त्याला आजाराचा ताप समजतात. पातळ सुती कपडा पुरे. कुलर लावा, झोत थेट अंगावर नको. कपडे मोकळे करून, पाजून अर्ध्या तासात ताप उतरला नाही तर मात्र दवाखाना.

लसी सरकारी घ्यायच्या की खाजगी?

सरकारी लस हलकी असते हा समज सोडून द्या. जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत कावीळ-ब ची लस. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची एकच लस), पोलिओ, रोटाव्हायरस, सोबत न्यूमोकोकल, मग नऊ महिन्यांना गोवर-रुबेला. हे सगळं उपकेंद्रात मोफत मिळतं.

‘बिनतापाची’, ‘न दुखणारी’ म्हणून जी महाग लस मिळते तिनं ताप कमी येतो हे खरं. पण डांग्या खोकल्यापासून मिळणारं संरक्षण जुन्या, दुखणाऱ्या लशीचं जास्त टिकतं. एका रात्रीच्या तापाला घाबरून पैसे घालवायचे की नाही, तुम्ही ठरवा. सरकारी यादीत नसलेल्या फ्लू, कांजिण्या, टायफॉइड, कावीळ-अ या लसी बालरोगतज्ज्ञ सुचवतात. ऐपत असेल तर जरूर घ्या. डॉक्टर निवडताना एवढं बघा, की सरकारी केंद्रातून लस घेऊन आलात म्हणून तो तोंड वाकडं करत नाही ना.

आम्ही ऊसतोडीला जातो. बाळ कारखान्यावर असताना काय करायचं?

बीड, धाराशिव, जालन्याकडच्या बायका हे विचारतात. दसरा-दिवाळीला टोळी निघते ती मार्च-एप्रिलला परत येते. बाळाच्या पहिल्या वर्षातले निम्मे डोस तिकडेच येतात. लसीकरणाचं कार्ड कोपीवर नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. कुठल्याही गावच्या सरकारी केंद्रात डोस मिळतो, तिथला रहिवासी दाखला लागत नाही. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात त्या गावच्या आशाताईचा नंबर घ्या, आपल्या गावच्या आशाताईला तो कळवा. मुकादमाला निघायच्या आधीच सांगून ठेवा की बाळ आजारी पडलं तर गाडी द्यावी लागेल. बाळंतपणाची तारीख हंगामात येत असेल तर त्या वर्षी बाळंतिणीनं गावी राहावं, असं मी हात जोडून सांगते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी तुटली की कोयता मोडतो, हे मला माहीत आहे. तरी सांगते.

खर्चाचं काय?

भेटीला साधी तपासणी फी लागते. मोठा खर्च येतो बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर, म्हणून खाजगीत एनआयसीयूचा, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा, दिवसाचा दर, औषधं-तपासण्या त्यात धरून की वेगळ्या, आणि आगाऊ किती भरायचे, हे आधीच विचारा. बाळ आत असताना हे विचारायचं भान कुणालाच राहत नाही.

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण आणि आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. हा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला, तेव्हा मुदत ३० दिवसांची होती, पुढे ती एक वर्षापर्यंत वाढवली. खाजगी दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि रेशनकार्ड-आधारच्या झेरॉक्स पिशवीत ठेवा. कंपनीचा विमा असेल तर नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरतात की ९० दिवसांनंतर, ते कागदावर बघून घ्या.

बाळाच्या डॉक्टर बाईच असाव्यात का?

काही फरक पडत नाही. दूध पाजण्याबद्दल मोकळेपणानं बोलता आलं म्हणजे झालं.

नंतर डॉक्टर बदलला तर चालतं?

चालतं. फाईल घेऊन जा आणि आधीची औषधं लपवू नका. एकाच आजारात दोन दिवसांत तीन डॉक्टर मात्र करू नका.

जन्मानंतर डॉक्टरांना पहिल्यांदा कधी दाखवायचं?

जन्मतः तपासणी होतेच, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही तेव्हाच देतात. साध्या बाळंतपणात ४८ तासांनी सुटी मिळते. कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चढते, म्हणजे नेमकी घरी गेल्यावर. म्हणून सुटी झाल्यापासून दोन दिवसांत पुन्हा दाखवायचं, मग पाचवी असो की अमावस्या. वजन पहिल्या आठवड्यात थोडं घटतं, दहा टक्क्यांपर्यंत, आणि दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत यायला हवं.

ऐकू येण्याची तपासणी आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉईडची तपासणी होते का, हे विचारा. थायरॉईड वेळेत कळला तर रोजच्या गोळीवर लेकरू हुशार वाढतं, उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासायलाच हवा. ही तपासणी राहून गेल्यामुळे अंध झालेली मुलं आहेत, आणि ती टाळता आली असती.

कुठल्या वेळी अजिबात थांबायचं नाही?

बाळ पीत नाही. नुसतं निजून राहतं, हलवलं तरच हलतं. झटके येतात. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा छाती आत ओढली जाते. अंग तापलेलं, किंवा गार पडलेलं. तळहात-तळपाय पिवळे, किंवा पहिल्याच दिवशी पिवळेपणा. ओठ निळे. हिरवी उलटी. बेंबीभोवती लाली, पू. दोन महिन्यांच्या आत यातलं एकही दिसलं तर रात्र बघायची नाही, फोनवर सल्ला विचारत बसायचं नाही, निघायचं.

घरात काय लिहून ठेवू?

एका कागदावर मोठ्या अक्षरात : बाळाच्या डॉक्टरांचा नंबर, त्यांच्या जागी बघणाऱ्यांचा नंबर, आशाताई, जवळचा एसएनसीयू, १०८, आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोन माणसांची नावं. एक नाव पुरत नाही, तो माणूस लग्नाला गेलेला असतो. वर दिलेली लक्षणंही त्याच्याखाली उतरवा. कागद माहेरी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवा आणि तसाच दुसरा, तिकडचे नंबर घालून, सासरी. दिवसा घरात जी माणसं असतात, आजी, आत्या, धाकटी जाऊ, त्यांच्या फोनमध्येही हेच नंबर घाला, आणि एकदा लावून बघा, लागतात का.